नमुन्याने मांडलेला प्रबंध : इथाका, न्यूयॉर्क, बर्लिन

१८८६च्या मार्च महिन्यात फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजने आनंदीबाई जोशी यांना एम.डी.ची पदवी दिली. या पदवीसाठी त्यांनी सादर केलेल्या प्रबंधाचा विषय होता 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र'. आनंदीबाईंचा प्रवास, त्यांचे हाल, त्यांचे अकाली निधन यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रबंधाच्या विषयापाशी मात्र सहसा कोणी थांबत नाही. वास्तविक पुढच्या अर्धशतकाला पुरून उरणारा एक प्रश्न त्या विषयात बीजरूपाने आहे. हिंदुस्थानातून पाश्चात्त्य विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्याने तेथे कशाचा अभ्यास करावयाचा? त्याला तेथील शास्त्र शिकायचे असते, आणि त्या शास्त्राला त्याच्याकडून अनेकदा हवा असतो तो त्याचाच देश. तो वर्गात विद्यार्थी म्हणून बसलेला असतो. त्याच वेळी त्याची जात, त्याच्या चालीरीती, इतकेच काय त्याच्या नाकाची रुंदी, हे त्या वर्गाचे अभ्याससाहित्य असते. एकाच माणसाने जाणणारा आणि जाणला जाणारा अशा दोन्ही भूमिका वठवायच्या असतात.

आपल्या चरित्रवाङ्मयाने या अवघड स्थितीकडे फारसे लक्ष दिलेले नाही. 'उच्च शिक्षणासाठी परदेशी गेले आणि पदवी संपादून परतले' अशा एका वाक्यात ती वर्षे गुंडाळली जातात. दोन क्रियापदांच्या मध्ये जे घडले ते चरित्रकाराला गौण वाटते. प्रस्तुत लेखात श्रीधर व्यंकटेश केतकर, भीमराव रामजी आंबेडकर आणि इरावती कर्वे या तिघांच्या विद्यार्थिदशेतील लेखनाकडे एकत्र पाहण्याचा प्रयत्न आहे. तिघांची सामाजिक स्थाने भिन्न, विद्यापीठे भिन्न, पुढील आयुष्ये तर फारच भिन्न. तरीही १९०९ ते १९३० या सुमारे दोन दशकांत या तिघांनी एकाच वादात भाग घेतला, आणि ज्या शास्त्राच्या लेखी ते 'नमुना' होते त्या शास्त्राचीच परीक्षा घेतली, असे मला वाटते.

१

केतकर १९०६ मध्ये अमेरिकेत गेले आणि इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले. १९११ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. या अभ्यासातून सिद्ध झालेला 'हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया' हा ग्रंथ १९०९ मध्येच इथाका येथे प्रसिद्ध झाला होता. त्या वेळी केतकर पंचवीस वर्षांचे होते.

या ग्रंथाचे महत्त्व कळण्यासाठी तो कोणत्या हवेत लिहिला गेला हे ध्यानात घ्यावयास हवे. हर्बर्ट रिस्ले या सनदी अधिकाऱ्याने १८९१ मध्ये बंगालमधील जातिजमातींवरचे आपले ग्रंथ प्रसिद्ध केले होते. नाकाची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण काढून त्यावरून जातींची वांशिक उतरंड लावता येते, नाक जितके रुंद तितके सामाजिक स्थान खालचे, हा त्याचा सिद्धान्त. पुढे हाच रिस्ले १९०१च्या जनगणनेचा आयुक्त झाला आणि १९०८ मध्ये 'द पीपल ऑफ इंडिया' या ग्रंथातून त्याने आपले मत विस्ताराने मांडले. जात म्हणजे गोठलेला वंशभेद, ही कल्पना त्या काळी केवळ एक मत नव्हती. तिला सरकारी आकडेवारीचा आधार होता.

अशा वेळी कॉर्नेलमधील एक मराठी विद्यार्थी जातीचा इतिहास लिहावयास बसतो आणि मोजपट्टीऐवजी मनुस्मृती हाती घेतो. मनुस्मृती इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील सामाजिक स्थितीचा पुरावा म्हणून वाचावी, ती तशी वाचताना काय गृहीत धरता येते आणि काय नाही, याची चर्चा हा त्याच्या ग्रंथाचा गाभा आहे. संहितेचा काळ ठरवणे, लिहिणाऱ्याचा हेतू तपासणे, शास्त्रवचन आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत फरक करणे ही कामे साहित्याच्या अभ्यासकाला परकी वाटू नयेत. ग्रंथाला केतकरांनी एक परिशिष्ट जोडले आहे. त्याचा विषय आहे मानववंशशास्त्रातील मूलभूत दोष. पदवीच्या उमेदवाराने आपल्या विषयाच्या शेजारील प्रतिष्ठित शास्त्राच्या दोषांवर परिशिष्ट लिहावे यात तारुण्याचा ताठा असेलही. पण त्या ताठ्याला युक्तिवादाचे पाठबळ होते. आर्य आणि द्रविड अशी वंशाची रेघ परदेशी पंडितांनी ओढली, त्यापूर्वी आपले कूळ वंशाने कोणते हा प्रश्न या देशातील लोकांना पडत नव्हता, असे प्रतिपादन केतकरांनी या ग्रंथात केले.

केतकरांच्या भूमिकेला मर्यादाही आहेत. हिंदू समाजाच्या व्यापक, सर्वसमावेशक रूपाविषयी त्यांना मोठा विश्वास होता. १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंदुत्वाच्या घडणीवरील दुसऱ्या खंडात तो अधिक स्पष्ट दिसतो. जात वंशातून आलेली नाही हे दाखवणे एक, आणि जात जिच्या अंगावर चालून येते त्या माणसाच्या जागेवरून ती पाहणे वेगळे. ही दुसरी जागा कॉर्नेलच्या ग्रंथात रिकामी राहिली आहे.

२

ती सात वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये भरली गेली. १९१३च्या जुलैमध्ये आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात आले. बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती होती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. आणि त्या बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. पदव्युत्तर शिक्षणाच्या इतिहासात कराराच्या या कागदाला महत्त्व आहे. विद्यार्थी कोणत्या विषयावर किती काळ विचार करू शकेल हे पुष्कळदा असे कागदच ठरवतात.

कोलंबियात आंबेडकरांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची नोंद उपलब्ध आहे. एकूण साठ अभ्यासक्रम : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानवशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन यांचा प्रत्येकी १. पदव्यांचे विषय अर्थशास्त्राच्या कक्षेतील होते. ज्या निबंधामुळे त्यांची ही विद्यार्थिदशा आज आठवली जाते तो मात्र प्रबंध नव्हेच. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी वाचलेला तो एक निबंध : 'कास्ट्स इन इंडिया'. मे १९१७च्या 'इंडियन अँटिक्वेरी'त तो छापला गेला.

निबंधाची सुरुवात पाहण्याजोगी आहे. स्थानिक, राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय वस्तुप्रदर्शने आपणांपैकी अनेकांनी पाहिली असतील, पण मानवी संस्थांचेही प्रदर्शन असू शकते ही कल्पना थोड्यांनाच सुचेल, अशा आशयाने आंबेडकर श्रोत्यांना संबोधतात. त्यांचे वय तेव्हा पंचवीस. ज्या वर्गात हिंदुस्थान ही दुरून पाहण्याची गोष्ट होती, त्या वर्गात उभे राहून ते सांगतात की प्रदर्शन मांडायचेच असेल तर ते मी मांडीन. आपल्याला जो नमुना म्हणून पाहिले जात आहे त्याची पूर्ण जाणीव या आरंभात आहे, असे माझे वाचन आहे. ती जाणीव बोलून न दाखवता ते सरळ व्याख्यांच्या चिकित्सेकडे वळतात.

सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर अशा चौघांच्या व्याख्या ते तपासतात. यांपैकी केतकरांविषयी ते आदराने लिहितात. देशी अभ्यासक असूनही, किंबहुना असल्यामुळेच, केतकरांनी चिकित्सक बुद्धीने आणि मोकळ्या मनाने जातीकडे पाहिले असे श्रेय देतात. मग त्या व्याख्येतील उणीव दाखवतात. केतकरांनी जातीची दोन लक्षणे सांगितली होती : सदस्यत्व जन्माने मिळणे, आणि गटाबाहेर विवाहास बंदी असणे. आंबेडकर म्हणतात, ही दोन लक्षणे नव्हेतच. एकाच नाण्याच्या त्या दोन बाजू आहेत. बाहेर विवाह बंद झाला की सदस्यत्व आपोआप जन्मावर येऊन ठेपते. म्हणून जातीचे सार एकच, गटांतर्गत विवाह. आणि मूळच्या बहिर्विवाही समाजावर ही बंदी लादली गेली की गटात स्त्रीपुरुषांची संख्या समान राखण्याचा प्रश्न उभा राहतो. पती गेल्यावर उरलेली स्त्री आणि पत्नी गेल्यावर उरलेला पुरुष यांचे काय करायचे? सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही या प्रश्नाची समाजाने काढलेली उत्तरे होत. म्हणजे ज्या रूढींना सुधारक स्वतंत्र दुष्प्रथा मानत होते त्या जातिव्यवस्थेच्या यंत्रणेचे भाग ठरतात. जातीचा विचार करताना स्त्रीवरील नियंत्रण मध्यवर्ती मानणारी पुढील काळातील मांडणी वारंवार या निबंधाकडे परतते, याचे कारण हेच.

निबंधाच्या अखेरीस ते वर्णाच्या, म्हणजे कातडीच्या रंगाच्या, प्रश्नाकडे येतात. युरोपीय अभ्यासकांनी जातीच्या संदर्भात रंगाला अवास्तव महत्त्व दिले. स्वतःचे पूर्वग्रह त्यांनी येथील समाजावर आरोपित केले, असे ते स्पष्ट सांगतात, आणि आधार देतात तो केतकरांच्या इथाकात छापलेल्या त्याच विधानाचा. एका मराठी विद्यार्थ्याच्या ग्रंथाची दुसऱ्या मराठी विद्यार्थ्याने परदेशातील वर्गात केलेली ही समीक्षा आपल्या वैचारिक इतिहासातील अपूर्व घटना आहे. कौतुक, दुरुस्ती आणि उसनवारी या तिन्ही गोष्टी तिच्यात आहेत, आणि जिच्यापायी आपल्याकडील चर्चा बहुधा बिघडते ती व्यक्तिगत कडवटपणाची छटा तिच्यात नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. आंबेडकरांनी जातीचा प्रसार समजावताना गाब्रिएल तार्द यांचा अनुकरणाचा सिद्धान्त वापरला. मग पाश्चात्त्य शास्त्राची परीक्षा ती कोणती? मला वाटते, हत्यार उसने घेणे आणि निष्कर्ष उसना घेणे यांतील फरक येथे महत्त्वाचा आहे. शिवाय कोलंबियाचे वातावरण अनुकूल होते. गोल्डनवायझर हे फ्रान्झ बोआस यांचे शिष्य. आणि बोआस यांनी अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांची डोकी मोजून, परिस्थिती बदलली की डोक्याची ठेवणही बदलते असे १९११च्या सुमारास दाखवले होते. त्या वर्गात वंशवादाविरुद्ध बोलणे धाडसाचे असले तरी धोक्याचे नव्हते. तिसऱ्या प्रबंधाच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही.

३

इरावती कर्वे यांनी मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली एम.ए. केले. घुर्ये स्वतः केंब्रिजहून १९२२ मध्ये पीएच.डी. घेऊन परतलेले होते. १९२८ मध्ये इरावतीबाई बर्लिनला निघाल्या. सासरे धोंडो केशव कर्वे, ज्यांनी स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचले, त्यांना हे परदेशगमन पसंत नव्हते. पती दिनकर कर्वे स्वतः जर्मनीत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते व त्यांचा पाठिंबा होता. पैशाची सोय जीवराज मेहता यांच्याकडून घेतलेल्या कर्जाने झाली. स्त्रियांसाठी विद्यापीठ काढणाऱ्या घरातील सुनेलाही संशोधनासाठी घराबाहेर पडताना संमती आणि कर्ज या दोन्हींची व्यवस्था पाहावी लागली, ही नोंद सुधारणेच्या इतिहासात असावयास हवी.

त्या ज्या संस्थेत दाखल झाल्या ती बर्लिन-डालेम येथील मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांची कैसर विल्हेल्म संस्था. ती १९२७ मध्ये स्थापन झाली होती आणि तिचे संचालक होते ऑयगेन फिशर. जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेतील मिश्रवंशीय लोकांवरील १९१३च्या ग्रंथामुळे फिशर यांचे नाव झाले होते. १९३३ मध्ये ते बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले आणि त्यांच्या संस्थेने नाझी राजवटीच्या वंशविषयक धोरणाला शास्त्राची प्रतिष्ठा पुरवली. इरावतीबाई तोपर्यंत परतल्या होत्या. पण ज्या समजुतींवर पुढचे सारे उभे राहिले त्या त्यांच्या विद्यार्थिदशेत तेथे सर्वमान्य होत्या.

त्यांना मिळालेला विषय होता मानवी कवटीची सर्वसामान्य असममिती, म्हणजे कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील फरक. गोऱ्या युरोपीय माणसाची तर्कशक्ती अधिक विकसित, म्हणून त्याच्या मेंदूची आणि पर्यायाने कवटीची एक बाजू अधिक वाढलेली असणार. इतर वंशांत हा फरक कमी दिसणार, अशी फिशर यांची धारणा होती. संस्थेच्या संग्रहात जर्मन वसाहतींमधून आणलेल्या कवट्या होत्या. इरावतीबाईंनी त्या आणि युरोपीय कवट्या मोजल्या. असममिती सर्वत्र आढळली. तिचा वंशाशी संबंध मात्र आढळला नाही. त्यांनी तसेच लिहिले. १९३०च्या सुमारास त्यांना पदवी मिळाली व १९३१ मध्ये प्रबंध प्रसिद्ध झाला.

या कृतीचे मोल नीट तोलले पाहिजे. केतकरांना मनुस्मृतीचा आधार होता, आंबेडकरांना स्वतःच्या अनुभवाचा आणि अनुकूल वर्गाचा. इरावतीबाईंच्या हाती मार्गदर्शकानेच दिलेला विषय, त्यानेच शिकवलेली पद्धत आणि त्याच्याच कपाटातील हाडे होती. त्याच साधनांनी त्यांनी मार्गदर्शकाला नको असलेले उत्तर काढले. घोषणा नाही, परिशिष्ट नाही. मोजमापे काय सांगतात तेवढेच. संशोधनातील सचोटीचे याहून साधे उदाहरण शोधणे कठीण आहे. ज्यांच्या त्या कवट्या होत्या त्यांना कोणी विचारले नव्हते हेही येथे विसरता येत नाही. अभ्यासकाची सचोटी संग्रहामागील हिंसा पुसू शकत नाही.

आणि गोष्ट येथे सरळ रेषेत संपतही नाही. परतल्यावर इरावतीबाईंनी मोजपट्टी टाकली नाही. डेक्कन कॉलेजात १९३९ पासून काम करताना त्यांनी महाराष्ट्रातील अनेक जातिजमातींची शारीरिक मोजमापे घेतली. जातींचे मूळ समजण्यासाठी तो पुरावा त्या आवश्यक मानत राहिल्या. बर्लिनचा निष्कर्ष त्यांनी नाकारला, बर्लिनची सवय सोडली नाही. उलट, आंबेडकरांनी 'द अनटचेबल्स' या १९४८च्या ग्रंथात नाकाच्या मोजमापांचे तेच आकडे हाती घेतले आणि ब्राह्मण व अस्पृश्य यांत वंशभेद सिद्ध होत नाही हे त्यांतूनच दाखवले. ज्या शास्त्राशी झगडायचे त्याची भाषा अंगात किती मुरते याची ही दोन उदाहरणे आहेत.

४

परतणे या क्रियापदाकडेही पाहिले पाहिजे, कारण ते तिघांसाठी एकच नव्हते. केतकर १९१२ मध्ये परतले, कलकत्ता विद्यापीठात शिकवू लागले आणि नंतर महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा अफाट उद्योग त्यांनी आरंभला. आंबेडकर लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून १९१७च्या ऑगस्टमध्ये परतले, कारण शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. त्यांचे सामान ज्या जहाजाने येत होते ते बुडवले गेले. करारानुसार ते बडोद्यास रुजू झाले, आणि कोलंबियाच्या या पदवीधराला शहरात राहावयास जागा मिळेना. पारशी असल्याचे भासवून एका पारशी विश्रामगृहात काढलेले दिवस आणि काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तेथून हुसकावणे हा प्रसंग त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. त्या आत्मकथनात ते सांगतात की परदेशातील पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. परदेशी शिक्षणाने काय दिले याचे हे एक उत्तर आहे, आणि ते किती काळ टिकले याचेही. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातील शिल्लक, मित्र नवल भथेना यांच्याकडील कर्ज आणि शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर. जाण्यापूर्वी, ३१ जानेवारी १९२० रोजी, 'मूकनायक' सुरू झाला होता.

आपल्यासारख्या मराठीच्या अभ्यासकांना येथे थांबावेसे वाटावे. तिघांचे विद्यार्थिदशेतील लेखन इंग्रजीत वा जर्मनमध्ये झाले. तिघांनीही नंतर मराठी जवळ केली, पण वेगवेगळ्या गरजांतून. केतकरांनी तेवीस खंडांचा ज्ञानकोश सिद्ध केला आणि कादंबऱ्या लिहिल्या. त्या कादंबऱ्यांतील परदेशस्थ माणसे आणि समाजशास्त्रीय चर्चा यांचा सांधा त्यांच्या कॉर्नेलच्या वर्षांशी आहे, आणि दुर्गाबाई भागवतांनी 'केतकरी कादंबरी' हा स्वतंत्र ग्रंथ लिहावा इतके ते लेखन वेगळे ठरले. आंबेडकरांनी शास्त्रीय ग्रंथ इंग्रजीत ठेवले आणि ज्यांच्याविषयी ते ग्रंथ होते त्या लोकांशी मराठी वृत्तपत्रातून बोलले. इरावतीबाईंनी 'किन्शिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' इंग्रजीत लिहिले आणि 'युगान्त' मराठीत. 'युगान्त'मधील महाभारताच्या वाचनात देव्हाऱ्यातून माणसे खाली उतरवणारी जी कोरडी, पुरावा मागणारी नजर आहे, तिची तालीम काही अंशी डालेमच्या प्रयोगशाळेत झाली असावी, असे म्हणण्यास जागा आहे.

आज मराठी विद्यार्थी पूर्वीपेक्षा कितीतरी मोठ्या संख्येने परदेशी विद्यापीठांत जातात. साहित्य आणि समाजशास्त्रे यांकडे वळणाऱ्यांना अजूनही बहुधा त्यांचा देश हाच विषय सुचवला जातो. त्यात गैर काही नाही. आनंदीबाईंपासून ते चालत आले आहे. प्रश्न असा की सिद्धान्त तिकडचा आणि उदाहरणे इकडची अशी वाटणी आपण मुकाट्याने स्वीकारतो की काय. ही वाटणी स्वीकारण्यासाठी परदेशी जावेही लागत नाही. आपल्या विभागांतून सादर होणारे कित्येक प्रबंध पहिल्या प्रकरणात एखाद्या पाश्चात्त्य पंडिताची चौकट मांडतात आणि उरलेल्या प्रकरणांत मराठी कादंबऱ्या तिच्यात बसवतात. चौकट बसत नाही असा निष्कर्ष निघालेला प्रबंध क्वचितच दृष्टीस पडतो. पंचविशीतील तीन विद्यार्थ्यांनी, पैशाची ओढ आणि परक्या भाषेचे ओझे सांभाळून, नेमका तोच निष्कर्ष काढण्याचे धैर्य दाखवले होते.

आंबेडकरांना तो चर्चासत्रातील निबंध अखेरपर्यंत जवळचा वाटत होता. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या १९४४च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत ते सांगतात की १९१७ मध्ये छापलेला तो निबंध यात सामावून पुस्तकाची पुनर्रचना करण्याचा विचार होता, पण सवड मिळाली नाही. म्हणजे अठ्ठावीस वर्षांपूर्वी वर्गात वाचलेले टिपण त्यांच्या लेखी अजून चालू होते. पदव्युत्तर वर्गाच्या एखाद्या सत्रात केतकरांचे परिशिष्ट, आंबेडकरांचा निबंध आणि इरावतीबाईंच्या प्रबंधाचा सारांश हे तिन्ही शेजारी ठेवून वाचावयास काय हरकत आहे? वादविवाद कसा करावा, आधार कसा द्यावा आणि आपल्याच मार्गदर्शकाशी मतभेद कसा नोंदवावा, याचे इतके सलग शिक्षण दुसऱ्या कोणत्या पाठ्यपुस्तकात मिळेल असे वाटत नाही.